दुखणे हरवलेले हात

राखेच्या बुधवारपासून ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ सुरू होतो. आमच्यातले पुष्कळ जण त्याला ‘लेंट’ही म्हणतात. मधले रविवार सोडले तर हे ४० दिवस भरतात आणि ईस्टरला संपतात. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये वाटलेल्या झावळ्या जाळून त्यांची राख करतात आणि धर्मगुरू ती भाविकांच्या कपाळाला लावतात. माणसा, तू मातीचा आहेस, याची ती आठवण. वसईकडच्या कॅथलिक घरांतून या दिवसांत सहसा लग्नकार्ये काढत नाहीत, शुक्रवारी मांसाहार वर्ज्य असतो. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत राख लावण्याची चाल सगळीकडे नाही. पण संध्याकाळच्या उपासना होतात, येशूच्या दुःखसहनावर प्रवचने होतात, गुड फ्रायडेला दुपारी तीन-तीन तास माणसे देवळात बसून राहतात.

या दिवसांत ‘दुःख’ हा शब्द फार वेळा कानावर पडतो. लहानपणापासून तो ऐकताना मला एक प्रश्न पडत आला आहे. दुःख चांगले की वाईट? चांगले असेल तर आमच्या लोकांनी एवढे दवाखाने कशासाठी काढले? आणि वाईट असेल तर क्रुसावरच्या दुःखापुढे आम्ही गुडघे का टेकतो?

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट. नोकरीची बहुतेक वर्षे कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर काम करण्यात गेली. मेणाच्या ऊन कढईत हात बुडवून घ्यायचे, आखडलेली बोटे हळूहळू सरळ करायची, शस्त्रक्रियेनंतर त्या बोटांना पुन्हा कामाला लावायचे, असे ते काम. या प्रश्नाचे उत्तर मला प्रवचनांपेक्षा त्या हातांनी जास्त शिकवले. त्याविषयीच आज बोलायचे आहे.

कुष्ठरोगात बोटे झडतात, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. अजूनही सुशिक्षित माणसे मला तसे विचारतात. प्रत्यक्षात तसे होत नाही. या रोगाचे जंतू शरीरातल्या थंड भागांत, कातडीत आणि कातडीजवळून जाणाऱ्या मज्जातंतूंमध्ये घर करतात. कोपराच्या आतल्या बाजूला टेबलाची कड लागली की आपल्या करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात. तो मज्जातंतू तिथे अगदी कातडीखालून जातो, आणि कुष्ठरोग पहिल्यांदा हात घालतो तो बहुधा त्याच्यावर. तो निकामी झाला की दोन गोष्टी घडतात. हाताच्या पंजातले छोटे स्नायू लुळे पडतात आणि बोटे पक्ष्याच्या नख्यांसारखी आत वळतात. शिवाय त्या भागातली जाणीव जाते. गरम कळत नाही, टोचलेले कळत नाही, कापलेले कळत नाही.

मग काय होते? बाई चुलीवरचे भांडे उघड्या हाताने उतरवते आणि हात भाजल्याचे तिला वास आल्यावर कळते. शेतकऱ्याच्या पायात काटा मोडतो आणि तो तसाच दिवसभर नांगरामागे चालतो. जखम होते, चिघळते, हाडापर्यंत जाते. अशा दहा-वीस जखमांनंतर बोट आखूड होते. रोगाने बोट खाल्लेले नसते. दुखत नाही म्हणून ते सांभाळले गेलेले नसते.

आज ही गोष्ट पाठ्यपुस्तकात आहे. पण ऐंशी वर्षांपूर्वी ती डॉक्टरांनाही नीट उमगलेली नव्हती. ती उमगण्यात तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या मिशन हॉस्पिटलचा आणि तिथल्या डॉ. पॉल ब्रँड यांचा वाटा फार मोठा आहे.

ब्रँड यांचा जन्म १९१४ चा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरावरचा. आईवडील दोघेही मिशनरी. शाळेसाठी मुलाला नवव्या वर्षी इंग्लंडला धाडले. वडील इथेच डोंगरात हिवतापाच्या एका जीवघेण्या प्रकाराने १९२९ मध्ये गेले. मुलगा लंडनला शिकून शल्यविशारद झाला आणि १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आला. आयडा स्कडर या अमेरिकन डॉक्टरबाईंनी १९०० मध्ये एका लहानशा दवाखान्याच्या रूपाने सुरू केलेले ते काम तोवर चांगले वाढले होते.

पुढच्याच वर्षी ब्रँड चिंगलपेटचे कुष्ठधाम पाहायला गेले. तिथले प्रमुख डॉ. रॉबर्ट कॉक्रेन कातडीवरचे चट्टे दाखवत होते. ब्रँड यांचे लक्ष मात्र रुग्णांच्या हातांकडे होते. हात वळलेले, बोटे आखडलेली. त्यांनी कॉक्रेनना विचारले, या हातांसाठी कुणी काही करते आहे का? उत्तर मिळाले की हाडांचा एकही शल्यविशारद या रोगाच्या वाटेला गेलेला नाही. जवळच एक तरुण रुग्ण चपला काढायची खटपट करत होता. ब्रँड यांनी त्याच्या हातात आपला हात दिला आणि सांगितले, दाब. त्याने दाबला, आणि डॉक्टरांना ओरडावेसे वाटले, इतकी त्या पकडीत ताकद होती.

त्या एका दुखण्याने पुढची सगळी दिशा दाखवली. हात मेलेला असता तर एवढी पकड आली कुठून? म्हणजे कोपराखालचे मोठे स्नायू धडधाकट होते. लुळे पडले होते ते पंजातले छोटे स्नायू. मग मोठ्या स्नायूची एखादी दोरी, म्हणजे कंडरा, सोडवून घेऊन तिला लुळ्या स्नायूच्या जागी बांधली तर बोट सरळ होईल. हा विचार सांगायला सोपा. पण रुग्णाला दाखल करून घ्यायलाच अडचण. कुष्ठरोगी वॉर्डात आला तर बाकीचे रुग्ण निघून जातील, ही भीती. कुष्ठरोग्याचे मांस शिवलेले टिकत नाही, जखमा भरत नाहीत, हा समज वेगळाच. तरीही १९४८ च्या सुमारास शस्त्रक्रिया सुरू झाल्या. बोटे सरळ होऊ लागली. जखमा भरूही लागल्या.

इथे एक गंमत झाली, आणि तीत डोळ्यांत पाणी आणणारेही काही होते. बरे झालेले काही जण परत येऊन गाऱ्हाणे करू लागले, की या हातांनी भीक मिळत नाही! वळलेले हात पुढे केले की लोक नाणे टाकायचे. सरळ हातांवर कुणी दया दाखवत नव्हते, आणि चट्ट्यांमुळे कुणी कामही देत नव्हते. हात दिला पण जगण्याची सोय दिली नाही, हे ध्यानात आले. मग १९५१ मध्ये नवजीवन केंद्र सुरू झाले. तिथे रुग्ण सुतारकाम शिकत, लाकडी खेळणी करत.

आणि तिथेच ते दुसरे कोडे समोर आले. शस्त्रक्रिया उत्तम झालेल्या हातांवर रोज नव्या जखमा दिसायच्या. कुणी म्हणे हा रोगच असा. ब्रँड एकेका जखमेचा माग काढू लागले. एकदा कोठाराचे गंजलेले कुलूप त्यांना उघडेना. एक बारकासा मुलगा पुढे आला, त्याने किल्ली फिरवली आणि कुलूप उघडले. एवढी शक्ती त्याच्यात कुठली? पाहिले तर जमिनीवर रक्ताचे थेंब. किल्लीने बोट हाडापर्यंत कापले होते आणि मुलाला त्याचा पत्ताही नव्हता. आपल्याला दुखते म्हणून आपण वेळेवर थांबतो. त्याला कुणी थांबवणारेच नव्हते.

दुसरा एक तरुण महिनोन्महिने उपचार घेऊन, बऱ्या झालेल्या हातांनी सुट्टीला घरी गेला. पहिल्याच रात्री झोपेत उंदराने त्याचे बोट कुरतडले. पुन्हा तसे होऊ नये म्हणून दुसऱ्या रात्री तो जागत, वाचत बसला. पहाटे डोळा लागला, हात बाजूला पडला तो कंदिलाच्या तापलेल्या काचेवर. सकाळी उठून पाहतो तो हाताचे कातडे गेलेले. उंदरांवर उपाय निघाला. रुग्ण घरी जायला निघाला की त्याला सोबत एक मांजर द्यायची, असा परिपाठच पडला. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात एवढे साधे आणि एवढे कामाचे औषध क्वचितच असेल.

१९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत, लुइझियाना राज्यातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे त्यांनी एक धाडसी प्रयोग केला. ज्यांची जाणीव गेली त्यांना यंत्राने जाणीव द्यायची. हातमोज्यांत आणि मोज्यांत दाब मोजणारी छोटी उपकरणे बसवली. दाब धोक्याच्या वर गेला की कानात आवाज होई. रुग्ण आवाज ऐकत आणि काम तसेच चालू ठेवत. मग काखेत विजेचा हलका झटका बसेल अशी सोय केली. तर काही जड काम करायचे असले की रुग्ण आधी बटण बंद करत, काम उरकत, आणि मग पुन्हा बटण चालू करत. काही वर्षे खटपट करून तो नाद सोडावा लागला. बटण आपल्या हाती असले की आपण ते बंद करणारच. दुखण्याचे बटण देवाने आपल्या हाती दिले नाही, हे किती शहाणपणाचे, असे ब्रँड पुढे सांगत.

मित्रहो, एवढी वैद्यकाची हकिकत सांगितली ती याचसाठी. उपवासकाळाचा अर्थ मला इथे सापडतो. संत पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात समाजाला शरीराची उपमा दिली आहे. एका अवयवाला दुखले की सगळ्या शरीराला दुखते, असे तो सांगतो. हे वाक्य आम्ही चर्चमध्ये वर्षानुवर्षे ऐकतो आणि पुढे जातो. पण बधिर हातांवर काम केलेल्या माणसाला ते वेगळे ऐकू येते. ज्या अवयवाचे दुखणे शरीराला कळत नाही, तो अवयव शरीर हळूहळू गमावत जाते. तो जागच्या जागी असतो, दिसायला जोडलेला असतो, पण शरीराच्या लेखी तो आपला राहिलेला नसतो. आमचे रुग्ण आपल्या हाताविषयी बोलताना ‘माझा हात’ म्हणायचे सोडून ‘हा हात’ म्हणत. मला आधी ते नुसते बोलण्याच्या सवयीचे वाटे. मग त्यातले दुखणे कळले.

मिशन म्हणजे काय, असे मला कुणी विचारले तर मी सांगेन, की मिशन म्हणजे मज्जातंतू. शरीराच्या टोकाला जे घडते आहे, ते आतपर्यंत पोहोचवणारा. वेलस्ली बेली नावाचा एक आयरिश शिक्षक १८६९ मध्ये अंबाल्याला आला. तिथल्या कुष्ठरोग्यांच्या झोपड्या त्याला दाखवण्यात आल्या. पाच वर्षांनी मायदेशी गेल्यावर त्याने जे पाहिले ते ओळखीच्या लोकांना सांगितले, आणि त्यातून १८७४ मध्ये कुष्ठरोग्यांसाठीचे मिशन उभे राहिले. दूरच्या टोकाची कळ तिकडच्या घरांत पोहोचली, एवढेच त्याने केले. पण सुरुवात तिथेच होते.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. दुःख चांगले की वाईट? आमच्या समाजात एक बोलणे मी पुष्कळदा ऐकले आहे. नवरा मारतो आहे, मूल आजारी आहे, नोकरी गेली आहे, आणि कुणी तरी सांत्वन करायला येऊन म्हणते, हा तुझा क्रूस आहे, सोस. मला हे मान्य नाही. शुभवर्तमाने उघडून पाहा. येशूकडे आलेल्या एकाही आजाऱ्याला त्याने सोसायला सांगितलेले नाही. आंधळ्याला, लंगड्याला, तापाने फणफणलेल्या बाईला त्याने बरे केले. आपल्यावर संकट येते आहे असे दिसल्यावर गेथशेमाने बागेत त्याने स्वतःही तो प्याला टळावा अशीच प्रार्थना केली. दुःखाची हौस त्याला नव्हती.

कुष्ठरोग्याच्या बाबतीत तर एक बारीक गोष्ट आहे. बायबलमध्ये ज्याला कुष्ठ म्हटले आहे तो आजचाच रोग असेल असे नाही. कातडीच्या अनेक विकारांना तो एकच शब्द लागे. पण त्या माणसांना गावाबाहेर राहावे लागे, हे नक्की. असा एक जण जवळ आला तेव्हा येशूने आधी हात पुढे करून त्याला स्पर्श केला आणि मग तो बरा झाला, असा क्रम मार्काने दिला आहे. बरे होईपर्यंत तो थांबला नाही. आमच्या खात्यात नवा माणूस कामाला आला की मी हा क्रम त्याला सांगत असे. हातमोजे नंतर बघू, आधी हात हातात घे.

म्हणजे दुःख वाईटच. ते कमी करायचे आहे. पण कमी करायचे तर ते आधी जाणवायला हवे. जाणवण्याची शक्ती ही मात्र चांगली गोष्ट आहे, आणि ती दुःखाशिवाय येत नाही.

वेल्लोरच्याच डॉ. मेरी व्हर्गिस यांचे आयुष्य याची साक्ष देते. केरळातली ही हुशार तरुण डॉक्टर. १९५४ मध्ये मोटार अपघातात तिच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. जाणीवही गेली. जी बधिरता तिने रुग्णांच्या हातांत पाहिली होती, ती आता तिच्या स्वतःच्या निम्म्या शरीरात होती. बसून बसून व्रण होणे, ते न कळणे, सारे तेच. ब्रँड यांनी तिला सुचवले, की हाताची शस्त्रक्रिया डॉक्टर बसूनच करतो. ती चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागली. नंतर ऑस्ट्रेलियात आणि न्यूयॉर्कला पुनर्वसनाचे शास्त्र शिकून आली, वेल्लोरला त्या विभागाची प्रमुख झाली, आणि १९६६ मध्ये तिथे अपंगांसाठी पुनर्वसन केंद्र सुरू झाले. १९७२ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. १९८६ मध्ये ती गेली. अपघात झाला हे बरेच झाले, असे मी कधीही म्हणणार नाही. पण खुर्चीतल्या डॉक्टरने ‘मला कळते’ म्हटले, तर पलंगावरच्या रुग्णाला ते खरे वाटत असणार. ते बोलणे उभ्या माणसाला साधत नाही.

मिशनच्या कामाविषयी आपल्याकडे मनात शंका असते. मी ख्रिस्ती असलो तरी ती मला समजते. सेवेच्या मागे धर्मांतराचा हिशेब आहे का, असे लोक विचारतात. तो प्रश्न विचारण्याचा त्यांना हक्क आहे. माझे उत्तर एवढेच, की हिशेब ठेवून धरलेला हात रुग्णाला लगेच ओळखू येतो. जाणीव गेलेल्या हातालाही तो कळतो. अट घातली की ती सेवा उरत नाही. शिवाय मिशनचा इतिहास सगळा उजळ आहे, असेही मी म्हणत नाही. जुन्या कुष्ठधामांत स्त्रीपुरुषांना वेगळे ठेवत, लेकरे आईबापांपासून दूर वाढवत. सरकारचा १८९८ चा कायदा कुष्ठरोग्यांना डांबून ठेवण्याची मुभा देई. तो पुस्तकातून पुसला जायला २०१६ साल उजाडले. भिंतीच्या आत माणसांना जेवण होते, औषध होते, पण भिंत ती भिंतच.

आणि हे काम आमच्या एकट्याचे कधीच नव्हते. सेवाग्रामला परचुरे शास्त्री नावाचे संस्कृत पंडित या रोगाने गांजून आले तेव्हा गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करत. मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम काढले. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन उभारले. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या माळरानावर आनंदवन फुलवले. मज्जातंतूला जात नसते, धर्मही नसतो. कळ पोहोचली पाहिजे.

कळ पोहोचवण्याच्या जोडीला ज्ञानही हवे. १८७३ साली दोन गोष्टी घडल्या. बेल्जियमचा फादर डेमियन हवाई बेटांतल्या मोलोकाई इथे, जिथे कुष्ठरोग्यांना नेऊन सोडत, तिथे राहायला गेला. त्याच वर्षी नॉर्वेत डॉ. हान्सेन यांनी या रोगाचा जंतू शोधला. डेमियनला अकरा वर्षांनी पायावर उकळते पाणी सांडले आणि काही जाणवले नाही, तेव्हा आपल्यालाही रोग झाल्याचे कळले. १८८९ मध्ये, गुड फ्रायडेच्या आठवड्यातच, तो गेला. आमच्या लोकांना डेमियन ठाऊक असतो, हान्सेन ठाऊक नसतो. मला दोघेही जवळचे वाटतात. एकाने रुग्णांना एकटे सोडले नाही. दुसऱ्याने पुढच्या रुग्णांना औषध मिळण्याची वाट उघडली. डेमियनच्या काळी कुणापाशी खरे औषध नव्हते. आज आहे.

आणि तरीही रोग गेलेला नाही. २००५ च्या अखेरीस आपल्या देशात कुष्ठरोगाचे प्रमाण दर १० हजारांत एकाच्या खाली आले आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून त्याचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. लोकांनी त्याचा अर्थ ‘रोग संपला’ असा घेतला. पण आजही भारतात दर वर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपल्याकडचे असतात. जोडीदाराला हा रोग आहे म्हणून घटस्फोट मिळण्याची तरतूद आपल्या विवाहविषयक कायद्यांत होती. ती २०१९ मध्ये काढली गेली. कायद्यातून गेली. घराघरातून गेली का, हे ज्याचे त्याने पाहावे.

म्हणून थोडे कामाचेही सांगतो. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, त्याला खाज नसेल, दुखत नसेल, स्पर्श कळत नसेल, तर तो ‘त्रास देत नाही’ म्हणून सोडू नका. त्रास न देणे हेच त्याचे लक्षण आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध फुकट मिळते. प्रकार पाहून ६ महिने किंवा १२ महिने घ्यायचे असते. वेळेवर सुरू केले तर हातपाय वाकडे होण्याची पाळी सहसा येत नाही, आणि औषध चालू झाले की दुसऱ्याला लागण होण्याची भीतीही लवकरच संपते.

दुसरे मधुमेह्यांसाठी. बरीच वर्षे साखर वाढलेली राहिली की पायांची जाणीव अशीच जाते. कुष्ठरोग्यांच्या पायांवरून शिकलेले ब्रँड यांनी पुढे अमेरिकेत मधुमेह्यांच्या पायांसाठी वापरले, आणि कित्येकांचे पाय कापायचे टळले. ज्यांना गावाबाहेर काढले त्यांच्याकडून मिळालेली ही शिकवण आज सुखवस्तू घरांतल्या माणसांचे पाय वाचवते आहे. ब्रँड २००३ मध्ये गेले. ही शिकवण मागे राहिली.

आमच्या रुग्णांना आम्ही एक सवय लावत असू. रोज संध्याकाळी दिव्याजवळ बसायचे. हात उलटेसुलटे करून पाहायचे. पायांचे तळवे, बोटांच्या बेचक्या पाहायच्या. कुठे लाली आहे का, फोड आहे का, काटा राहिला आहे का. स्वतःला दिसत नसेल तर शेजारच्याला पाहायला सांगायचे. जे कातडीला कळत नाही ते डोळ्यांनी हुडकायचे. कंटाळा न करता, रोज. ही सवय ज्यांनी सोडली नाही, त्यांची बोटे शाबूत राहिली.

उपवासकाळाच्या ४० दिवसांत मला हेच करावेसे वाटते. एक वेळचे जेवण सोडणे सोपे आहे, मीही सोडतो. पण यशया संदेष्ट्याने फार पूर्वी विचारून ठेवले आहे, की भुकेल्याला भाकर न देता आणि दबलेल्याचे जोखड न काढता केलेल्या उपवासाचा देवाला काय उपयोग? तेव्हा संध्याकाळी दिव्याजवळ बसावे आणि पाहावे. माझ्या घरात, माझ्या गल्लीत, माझ्या कामाच्या जागी कोणते दुखणे मला जाणवेनासे झाले आहे? धुणेभांडी करणाऱ्या बाईंचे नाव मला ठाऊक आहे का? गटारात उतरणारा माणूस रोज दिसतो. तो दिसला की पूर्वी पोटात काही हलायचे, ते आता हलते का? पलीकडच्या धर्माच्या, पलीकडच्या जातीच्या घरात मूल गेले तर ती बातमी मी वाचतो की पान उलटतो?

ईस्टरच्या कथेत एक तपशील मला फार आवडतो. पुनरुत्थित येशू शिष्यांपुढे आला तेव्हा त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते. नवे शरीर मिळताना ते पुसून टाकता आले असते. थोमाची खात्री पटली ती त्या व्रणांमुळे. आयुष्यभर लोकांचे हात पाहत आलेल्या मला त्यात एक आश्वासन दिसते. ज्या हातांना दुखले होते, ते दुसऱ्याचे दुखणे विसरणार नाहीत.

तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा, उपवास करा वा करू नका. आज संध्याकाळी आपले हात एकदा दिव्याखाली नीट पाहा. आणि घरात मधुमेहाचे कुणी असेल, तर त्यांचे पायही पाहा. त्यांना वाकता येत नसेल, तुम्ही वाका.



(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)